दोन्ही हात कुबड्यांवर, मग चहा कसा न्यायचा?

प्रश्न : मी 51 वर्षांची आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. अकरा दिवसांपूर्वी पावसात जिन्यात घसरले आणि उजवा घोटा मोडला. ऑपरेशन करून प्लेट बसवली, आता स्लॅब म्हणजे कच्चं, अर्धं प्लास्टर आहे. टाके काढले की पक्कं प्लास्टर घालणार आहेत. सहा आठवडे पाय अजिबात टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मिस्टर तळोज्याला कामाला, सकाळी साडेसहाला निघतात. घरी मी आणि 79 वर्षांच्या सासूबाई. कुबड्यांनी काखा आणि तळहात दुखून आलेत, दोनदा तोल गेला. संडास देशी पद्धतीचा, आंघोळ नुसती अंग पुसून. साधा चहाचा कप मला स्वयंपाकघरातून खोलीत नेता येत नाही. ऑफिस महापेला, ठाणे-वाशी लोकलने जाते. कधी जाता येईल? महिन्याभराने गौरी-गणपती आहेत. सगळे ‘आराम कर’ म्हणतात, पण घरावर ओझं झाल्यासारखं वाटतं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली चहाच्या कपाची ओळ आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मोडलाय एक पाय, पण अडकलेत दोन्ही हात. पायाची काळजी डॉक्टर घेत आहेत. हातांचं काय करायचं हे मात्र हॉस्पिटलातून घरी सोडताना कुणी फारसं सांगत नाही. घरातली बरीचशी अडचण तिथूनच सुरू होते, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

आधी कुबड्या. काख दुखते याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: कुबडी उंच आहे, किंवा दमल्यावर तुम्ही काखेवर लोंबकळता. चांगल्या पायात घरात वापरता ती चप्पल घालून सरळ उभ्या राहा. कुबडीचं टोक पावलाच्या बोटांपासून साधारण सहा इंच पुढे आणि सहा इंच बाहेर ठेवा. आता काख आणि कुबडीची गादी यांच्यात दोन ते तीन बोटं सहज जायला हवीत. हात खाली मोकळा सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथे कुबडीची मूठ हवी. म्हणजे मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. भार द्यायचा तो तळहातांवर, आणि गादी काखेत न खुपसता बरगड्यांना चिकटवून दाबायची. काखेतून हाताच्या नसा जातात. तिथे दिवसेंदिवस दाब पडला तर बोटांना मुंग्या येतात आणि मनगट वर उचलायची ताकदही कमी होऊ शकते. असं काही जाणवलं तर कुबड्या बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना कळवा. तळहातांसाठी मुठीवर जुना मऊ पंचा दोन वेढे गुंडाळून चिकटपट्टीने घट्ट बांधा. सैल राहिला तर मूठ हातात फिरते आणि तोल जातो.

तोल जाण्याची कारणंही ठरलेली असतात. कुबड्या फुटापेक्षा जास्त पुढे टाकल्या की त्या पुढेच निसटतात. पावलाच्या अगदी जवळ ठेवल्या की बाजूला कलंडायला होतं. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर ओल्या लादीवर ते साबणाच्या वडीसारखं सरकतं. दर आठवड्याला रबर उलटं करून बघा, खाचा दिसेनाशा झाल्या की बदला. सर्जिकल सामानाच्या दुकानात ते सुटं मिळतं. पावसाचे दिवस आहेत, तेव्हा दाराशी एक कोरडं फडकं ठेवा आणि बाहेरून आल्यावर आधी रबर पुसा, मग आत या. पायपुसणी, सतरंजीचे कोपरे, चार्जरच्या वायरी हे सगळं सहा आठवडे उचलून ठेवा. कुबड्या भिंतीला टेकवताना उलट्या, काखेची गादी खाली करून ठेवा, म्हणजे घसरून पडत नाहीत. आडव्या पडलेल्या कुबडीत सासूबाईंचा पाय अडकला, तर घरात दुसरं प्लास्टर येईल.

दोनदा तोल गेला आहे, म्हणून आमचं स्पष्ट मत असं की घरात कुबड्यांऐवजी चाकं नसलेला चार पायांचा वॉकर वापरा. तो भाड्यानेही मिळतो. आणण्यापूर्वी मोरीचं आणि संडासाचं दार टेपने मोजा, कारण वॉकर साधारण 20 ते 22 इंच रुंद असतो आणि जुन्या इमारतींमधली काही दारं जेमतेम तेवढीच असतात. वॉकर उचलून फूटभर पुढे ठेवायचा, चारही पाय टेकले की हातांवर भार घ्यायचा आणि चांगल्या पायाने त्याच्या मध्यापर्यंत यायचं. पुढच्या दांडीला अगदी खेटून उभं राहिलं की माणूस मागे कलंडतो. जिन्यावर मात्र वॉकर कधीही नको.

आता चहा. वॉकरवर दोन्ही हात अडकलेलेच राहणार, म्हणून वस्तू अंगावर बांधून न्यायची. घट्ट झाकणाचा छोटा थर्मास, झाकणाचा डबा, पाण्याची बाटली असं सगळं शबनम पिशवीत टाका. पिशवीचा पट्टा डोक्यातून घालून तिरका घ्या आणि ती कमरेपाशी येईल इतका आखूड बांधा. लांब पट्ट्याची पिशवी चालताना झोके घेते आणि तुम्हाला ओढते. वजन दीड-दोन किलोच्या वर नको. वॉकरच्या पुढच्या दांडीला जड पिशवी अडकवली की वॉकर पुढे झुकतो, तिथे फार तर रुमाल, चष्मा आणि औषधं ठेवा. कप मात्र जिथे बसून प्यायचा तिथेच ठेवून द्या. चहा थर्मासातून तिथे ओतायचा, उघडा कप कुठेही न्यायचा नाही. मोबाईल कायम गळ्यातल्या छोट्या बटव्यात हवा, आंघोळीच्या वेळी सुद्धा हाताशी. पडलात आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत राहिला, तर साडेसहाला गेलेले मिस्टर संध्याकाळी येईपर्यंत थांबावं लागेल.

याच हिशेबाने दिवसाची एक बैठक ठरवा. हाताची मजबूत खुर्ची, बसायची उंची साधारण 18 ते 20 इंच, पाठ भिंतीला. दिवाण खाली असेल तर वर दुसरी गादी टाका. शेजारी टेबल, त्यावर पाणी, औषधं, चार्जर, वही, नखं कापायची कात्री, जे दिवसात लागतं ते सगळं. बसण्यापूर्वी खुर्ची चांगल्या पायाच्या पोटरीला लागेपर्यंत मागे या, प्लास्टरचा पाय पुढे सरकवा, एक हात खुर्चीच्या हातावर टेकवा आणि मगच बसा. उठताना वॉकर धरून स्वतःला ओढू नका, तो अंगावर येतो. खुर्चीचे हात दाबून उठा, दहा आकडे मोजा आणि भोवळ येत नाही ना हे बघून निघा. चाकांची खुर्ची यासाठी बाद. उठताना तीच मागे पळते.

पहिले दोन-तीन आठवडे दिवसाचा जास्तीत जास्त वेळ पाय छातीपेक्षा वर हवा. नुसता समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय छातीपेक्षा खालीच असतो. त्यामुळे आडवं पडून पोटरीखाली दोन-तीन उशा लांबीच्या दिशेने लावा आणि टाच हवेत अधांतरी ठेवा. टाच गादीवर दाबून राहिली की आतल्या आत जखम होते आणि प्लास्टरमुळे दिसत नाही. दर तासाला बोटं हलवा, मांडी पाच सेकंद आवळून सोडा, असं दहा वेळा. खाज आली तर आत पट्टी, सुई, विणकामाची सळई काहीही घालायचं नाही. केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा वरून सोडा. बोटं निळसर किंवा बधिर झाली, पाय वर ठेवूनही दुखणं वाढतच गेलं, प्लास्टरला वास आला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पोटरीत नव्याने दुखून सूज आली तरी तसंच. छातीत दुखून दम लागला तर मात्र 108 ला फोन. रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं असेल तर ते मनाने बंद करू नका.

संडासाबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण इथे चुकीची खरेदी हमखास होते. मधे भोक असलेली कमोड खुर्ची देशी भांड्यावर ठेवतात. पण जुन्या इमारतींत हे भांडं बऱ्याचदा सहा-आठ इंच उंच ओट्यावर असतं. अशा वेळी खुर्चीचे मागचे पाय ओट्यावर आणि पुढचे खाली येतात, खुर्ची पुढे झुकते, आणि त्यात भर म्हणजे पायरी चढावी लागते. म्हणून आधी तीन मापं घ्या: दाराची रुंदी, ओट्याची उंची, भांड्यापासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर. चारही पाय ओट्यावर मावत असतील तरच ती आत ठेवा. नसतील तर खाली भांडं असलेली कमोड खुर्ची खोलीतच एका कोपऱ्यात, मधे पडदा लावून ठेवा. भांडं रिकामं करायला मदतीच्या बाईंना वेगळे पैसे ठरवा आणि ते मोकळेपणाने बोला. यात लाजण्यासारखं काही नाही. एका पायावर उकिडवं बसून उठणं मात्र खरंच धोक्याचं आहे. रात्री तर हीच खुर्ची पलंगाला लागून हवी आणि मंद दिवा चालू हवा. दाराला आतून कडी लावू नका. आणखी एक गोष्ट, जी बायका सांगत नाहीत पण करतात: संडासाला जायला नको म्हणून पाणी कमी पिणं. दुखण्याच्या गोळ्यांनी आधीच बद्धकोष्ठ होतो, त्यात पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ सुरू होते. पाणी भरपूर प्या. जाण्याची सोय करणं हाच त्यावर उपाय.

आंघोळ करता येईल. ती मिस्टर घरी असताना करायची. मोरीत रबरी पायांचं, पाठ टेकता येणारं प्लास्टिकचं मजबूत आसन ठेवा आणि खाली खरखरीत रबरी मॅट. दुसरं स्टूल दाराच्या दिशेने ठेवून प्लास्टरचा पाय त्यावर, शक्यतो मोरीच्या बाहेर काढायचा. प्लास्टरच्या वरच्या कडेला कोरडा पंचा गुंडाळा, त्यावर एकात एक दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवा आणि त्यांचं तोंड गुडघ्याच्या वर थेट कातडीला चिकटपट्टीने लावा. रबरबँड नको, त्याने रक्त अडतं आणि पाणी तरीही शिरतं. बादली खाली न ठेवता तिसऱ्या स्टुलावर, अर्धीच भरलेली, गरम पाणी आधीच विसणलेलं. वाकून तांब्या भरताना तोल जातो, म्हणून ही उंची. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा, हातातून निसटलेली वडी उचलायला वाकायला नको. अंग पुसून, आसनावर बसूनच गाऊन घालून मग उठा. गाऊन पोटरीपर्यंतचा हवा, घोळदार गाऊनचा काठ वॉकरखाली सापडतो. सलवार घालायची असेल तर ढगळ पायांची, आधी दुखऱ्या पायात चढवायची आणि काढताना तो पाय शेवटी. प्लास्टर आतून भिजलं तर गरम हवेने वाळवत बसू नका, आतली कातडी सडते. हॉस्पिटलला फोन करा.

स्वयंपाक पूर्ण सोडायची गरज नाही, पण पद्धत बदला: काही उचलायचं नाही, सरकवायचं. गॅस, सिंक आणि ओट्याची मोकळी जागा सलग असेल तर कुकर, पातेली खाली ओल्या फडक्यासह ओट्यावरून सरकतात. भरलेला कुकर एका पायावर उभं राहून उचलणं ही सगळ्यात वाईट कल्पना. भाजी निवडणं, कणीक मळणं, पोळ्या लाटणं टेबलावर बसून. भाजण्यापुरतं ओट्याशी यावं लागलं तर पाठ असलेलं उंच स्टूल घ्या, आणि गॅसच्या मागची वस्तू घ्यायला ज्वाळेवरून हात नेऊ नका. तुमच्या दोघींसाठी दुपारचं जेवण मिस्टर निघण्यापूर्वीच डब्यात भरून बैठकीजवळ ठेवलं तर तो फेरा वाचतो. नाचणी, दूध, डाळी, अंडी चालत असतील तर ती घ्या. नाचणीत शंभर ग्रॅममागे 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेल लावून घोटा चोळायला कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा.

जिना. टाके काढायला उतरावंच लागेल. कुबड्यांनी तीन मजले आत्ता नको. मोल्डेड प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेण्याचा प्रयोगही नको, तिचे पाय फाकतात. बसून उतरा. पायरीवर बसायचं, प्लास्टरचा पाय समोर अधांतरी, दोन्ही हात बाजूला टेकून चांगल्या पायाच्या आधाराने एकेक पायरी खाली. चढताना पाठ जिन्याकडे करून तसंच वर. जिना आधी कोरडा पुसून घ्या. मदतीचा माणूस उतरताना आणि चढताना दोन्ही वेळा तुमच्या खालच्या बाजूला हवा. कुबड्या त्याच्याकडे द्या. प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटं थांबा. खरी अडचण वर पोहोचल्यावर येते, जमिनीवरून उठायचं कसं? त्यासाठी दाराशी तीन उंच्या मांडून ठेवा: चौरंग, मग बुटकं स्टूल, मग भिंतीला टेकवलेली खुर्ची. हात टेकत एकावरून दुसऱ्यावर सरका, खुर्चीतून नेहमीसारखं उठा. पुढे कुबड्यांवर हात बसला की फिजिओथेरपिस्ट समोर उभे असताना जिना शिका. एक हात कठड्याला, दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात. चढताना आधी चांगला पाय, मग कुबड्या. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला.

खाली रिक्षात डावीकडूनच बसायचं असतं, तेव्हा तोंड रिक्षाच्या बाहेर ठेवून आधी सीटवर बसा आणि पाठमोऱ्या उजवीकडे सरकत जा. दोन्ही पाय सीटवर आडवे येतात. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की सरकणं सोपं जातं. रिक्षावाल्याला आधीच सांगा की खड्डे सावकाश घ्या. सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. मिस्टरांच्या स्कूटरवर मागे अजिबात नको.

ऑफिसचं उत्तर कदाचित आवडणार नाही. कुबड्या असेपर्यंत ट्रान्सहार्बर म्हणजे तुमच्या ठाणे-वाशी लोकलने महापे नको. कारण तेच, हात. डब्यात खांब धरायला तुमच्याकडे हातच नसेल. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरणारी आणि चढणारी गर्दी एकाच वेळी भिडते, त्यात मधला धक्का कुबडीला बसला तर सावरायला दुसरा पाय नाही. सरकत्या जिन्यावर कुबड्या घेऊन कधीच चढू नका, फक्त लिफ्ट. टाके निघून सूज उतरली की घरून काम मागा, तेही दोन-दोन तासांच्या तुकड्यांत, पाय वर ठेवून. अर्जात ‘बरं नाही’ असं मोघम न लिहिता ‘उजव्या पायावर अमुक तारखेपर्यंत भार द्यायचा नाही’ असं डॉक्टरांच्या शब्दांत लिहून घ्या. कुणी अपंगत्वाचा दाखला काढायला सुचवेल. त्यामागे धावू नका. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दीर्घकालीन बाधा धरतो, भरून येणारं हाड त्यात बसत नाही.

गणपती येतील तेव्हा तुमचे सहा आठवडे जेमतेम होत असतील. मोदक वळायला बसावंच लागतं, ते काम तुमचंच. उकड काढायचं आणि मोदकपात्र उचलायचं काम दुसऱ्याचं. आरतीला खुर्ची, आणि ती देवासमोर नको, दारापासून देवापर्यंतच्या वाटेच्या कडेला. गौरींची पावलं रांगोळीच्या भुकटीने काढतात. गुळगुळीत लादीवर ती भुकटी कुबडीच्या रबराखाली आली की टोक सरकन जातं. तुमच्या चालण्याच्या वाटेवर पावलं ओल्या तांदळाच्या पिठाने काढून वाळू द्या, किंवा त्या वाटेने चालूच नका. फुलांच्या पाकळ्या आणि तीर्थाचे थेंब लगोलग पुसणारं एक माणूस नेमा. पाहुण्यांची पोरं या कामाला आनंदाने तयार होतात.

ओझं वाटण्याबद्दल. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांना खरंच काय करायचं ते कळत नसतं. नेमकं सांगा: शेजारच्या वहिनींकडे घराची एक किल्ली आणि सकाळी अकराला एक फोन, समोरच्या मुलाकडे आठवड्यातून दोनदा भाजी, दूधवाल्याला दोन मिनिटं थांबायची सूचना. सासूबाईंना तुम्हाला आधार द्यायला लावू नका, तुम्ही त्यांच्यावर पडाल. पण त्यांच्या गोळ्या, बँकेची कामं, गणपतीच्या सामानाची यादी आणि फोन हे बैठकीवरून तुम्ही सांभाळू शकता. बसून होणारी कामं तुमच्याकडे आणि उभ्याची त्यांच्याकडे, अशी वाटणी आजच संध्याकाळी घरात बोलून टाका.

प्लास्टर निघाल्यावरही कुबड्या परत करायची घाई नको. पाऊल आखडलेलं असेल, पोटरी बारीक दिसेल, संध्याकाळी सूज येईल, आणि हे काही महिने चालतं. डॉक्टर ‘थोडा भार द्या’ म्हणतील, तेव्हा थोडा म्हणजे किती किलो ते विचारा. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, वॉकर धरून उभ्या राहा आणि दुखरा पाय काट्यावर दाबत सांगितलेल्या आकड्यापर्यंत न्या. चार-पाच वेळा केलं की तेवढा दाब पायाच्या लक्षात राहतो. दोन कुबड्यांवरून एकीवर याल तेव्हा ती डाव्या हातात, म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूला धरायची. उजवा पाय टेकताना डावा हात भार घेतो. बहुतेक जण नेमकी उलट धरतात आणि दुखऱ्या बाजूला कलून चालायची सवय लावून घेतात. आणि त्या दिवशी उजवा हात मोकळा होईल. आधी अर्धाच कप भरा, झाकण लावून.